योनिमार्ग जन्मतः नसणे, त्यावरची शस्त्रक्रिया आणि लग्नाची घाई

आत्याबाई :
आमच्या घरात सध्या जो विषय चालू आहे तो सोलापुरात ओळखीच्या कोणाजवळ काढण्याची सोय नाही, म्हणून येथे लिहीत आहे. ओळख पटू नये यासाठी काही तपशील मुद्दाम बदलले आहेत.

माझी भाची १९ वर्षांची असून बी.कॉम. करत आहे. तिला पाळी कधीच आली नाही. शरीराची बाकीची वाढ चारचौघींसारखी झाल्यामुळे घरच्यांनी "काही मुलींना उशिरा येते" असे म्हणत बराच काळ घालवला, मध्ये पाळी आणण्याच्या गोळ्याही देऊन झाल्या. आता सोनोग्राफीत गर्भाशय दिसत नाही, दोन्ही बीजांडकोश मात्र व्यवस्थित आहेत, असा निष्कर्ष आला आहे. तपासणीत योनिमार्गाच्या जागी केवळ लहानशी खळगी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. शस्त्रक्रियेने योनिमार्ग तयार करता येतो, त्यानंतर वैवाहिक संबंध शक्य होतात, पण स्वतःच्या पोटी मूल होणार नाही, इतके आम्हाला समजले आहे.

अडचण पुढेच आहे. वहिनींच्या भावाचा मुलगा हाच जावई, हे आमच्याकडे मुले लहान असल्यापासून धरून चालले आहेत आणि वैशाखात लग्न उरकायचे असे दोन्ही घरांत बोलणे झाले आहे. वहिनींचा आग्रह असा, की परीक्षा संपताच शस्त्रक्रिया करून घ्यावी, मामाच्या घरी काही सांगू नये, आणि मुलीलाही "पिशवी लहान आहे, छोटे ऑपरेशन आहे" एवढेच सांगावे. मला हे पटत नाही, परंतु न पटण्यामागे माझ्याजवळ माहिती नाही. ही शस्त्रक्रिया नेमकी काय असते, ती केव्हा करावी आणि लग्नापूर्वी कोणाला काय सांगावे, हे जाणकारांनी कृपया लिहावे.

होटगीकर :
असे विषय घरातच राहिलेले बरे. वैद्यांना विचारा, येथे कशाला?

जुना डॉक्टर :
होटगीकर, घरातच राहिल्यामुळे या मुलीची काही वर्षे गोळ्यांत गेली. गर्भाशयच नसेल तर कोणत्याही गोळीने पाळी येणार नाही, आणि १५ वर्षे पूर्ण होऊनही पाळी आली नसेल तर तपासणी करावी, हा साधा नियम जरी घराघरांत पोचला असता तरी पुष्कळ निभावले असते.

आत्याबाई, मी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करून निवृत्त झालो आहे. मुलीला न तपासता निदान करणे योग्य नाही, तरी आपण लिहिलेले वर्णन ज्या अवस्थेशी जुळते तिला मायर-रोकिटान्स्की-क्युस्टर-हाउझर सिंड्रोम म्हणतात. मायर यांनी १८२९ मध्ये आणि रोकिटान्स्की यांनी १८३८ मध्ये तिचे वर्णन केले, पुढच्या दोघांची नावे विसाव्या शतकात जोडली गेली. साधारण साडेचार ते पाच हजार मुलींमागे एकीमध्ये ती आढळते. सोलापूरसारख्या जिल्ह्यात अशा कितीतरी स्त्रिया असणार, फक्त प्रत्येकीला आपण एकटीच आहोत असे वाटत असते. गर्भाची वाढ होत असताना पहिल्या काही आठवड्यांत म्युलेरियन नावाच्या दोन नलिकांपासून गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा मोठा भाग तयार होतो, तो येथे तयार होत नाही. बीजांडकोशांचा उगम वेगळा असल्यामुळे ते आणि त्यांची संप्रेरके शाबूत राहतात, म्हणून स्तनांची वाढ वेळेवर होते. गुणसूत्रे ४६, एक्सएक्स, म्हणजे कोणत्याही स्त्रीची असतात तशीच असतात. आईने गरोदरपणी काही केले म्हणून हे होते याला काहीही आधार नाही, हे वहिनींना अवश्य सांगा, कारण त्यांच्या घाईमागे कदाचित तीच भीती असेल.

शस्त्रक्रियेचा विचार करण्यापूर्वी तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली म्हणजे एमआरआय, कारण काही मुलींमध्ये गर्भाशयाचे छोटे अवशेष असतात आणि त्यांतल्या थोड्या जणींत आतील अस्तर जिवंत असल्याने दर महिन्याला पोटात दुखते, अशा अवशेषाचा वेगळा उपचार करावा लागतो. दुसरी म्हणजे गुणसूत्रांची तपासणी आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी. पुरुष-संप्रेरकांना शरीर दाद देत नाही अशी एक अवस्था बाहेरून बरीचशी अशीच दिसते, परंतु तिच्यात गुणसूत्रे एक्सवाय असतात आणि पोटात बीजांडकोशांऐवजी वृषणग्रंथी असतात. त्या मुलीला सांगायचे आणि तिच्यासाठी करायचे सारेच निराळे असते. तिसरी म्हणजे मूत्रपिंडांची सोनोग्राफी, कारण अशा मुलींपैकी जवळपास तिसऱ्या हिश्श्यात एक मूत्रपिंड नसते किंवा ते जागा सोडून खाली असते. पाठीच्या मणक्यांकडे आणि ऐकण्याकडेही एकदा लक्ष द्यावे.

आता मूळ प्रश्न. योनिमार्ग तयार करण्यासाठी पहिला उपाय शस्त्रक्रिया नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शनात डायलेटर पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे, आणि नीट शिकवून, नीट साथ देऊन केल्यास ९० ते ९६ टक्के स्त्रियांना त्यानेच पुरेसा योनिमार्ग मिळतो असे त्यात म्हटले आहे. गुळगुळीत नळीसारखे हे साधन त्या खळगीवर दररोज ठरावीक वेळ हलक्या दाबाने धरायचे आणि आकार हळूहळू वाढवत न्यायचा. कातडी दाबाखाली ताणते आणि वाढते, एवढेच यामागचे तत्त्व. फ्रँक यांनी ही पद्धत १९३८ मध्ये मांडली, आणि त्याच १९३८ मध्ये मॅकिन्डो यांनी त्वचारोपणाची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. हे मॅकिन्डो म्हणजे पुढे दुसऱ्या महायुद्धात भाजलेल्या वैमानिकांचे चेहरे घडवून नावारूपाला आलेले प्लास्टिक सर्जन. दोन्ही पद्धती एका वर्षाच्या, पण आपल्याकडे गेली कित्येक दशके शस्त्रक्रियाच पुढे राहिली, कारण ती एका दिवसात "झाली" असे सांगता येते आणि डायलेटर शिकवायला बाह्यरुग्ण विभागात कोणाला वेळ नसतो. हे माझे मत आहे, मात्र ते अनुभवातून आलेले आहे.

शस्त्रक्रियेचे प्रकारही थोडक्यात सांगतो. मॅकिन्डो पद्धतीत मूत्राशय आणि गुदाशय यांच्यामध्ये जागा मोकळी करून मांडीची किंवा नितंबाची पातळ कातडी साच्यावर गुंडाळून आत बसवतात. आपल्याकडे कातडीऐवजी अम्निऑन, म्हणजे बाळाभोवतीच्या पाण्याच्या पिशवीचे पातळ आवरण, वापरण्याची पद्धत बरीच रूढ आहे, कारण त्यामुळे मांडीवर व्रण राहत नाही आणि खर्चही कमी होतो. व्हेक्किएट्टी पद्धतीत खळगीवर एक छोटा मणी ठेवून त्याचे धागे पोटातून बाहेर काढतात आणि साधारण आठवडाभर ते रोज थोडेथोडे ताणतात. डेव्हिडॉव्ह पद्धतीत पोटाच्या आतले अस्तर खाली ओढून घेतात. मोठ्या आतड्याचा तुकडा वापरूनही योनिमार्ग करता येतो. तो आकसण्याची शक्यता कमी आणि ओलावा आपोआप राहतो, पण आतड्याची मोठी शस्त्रक्रिया होते आणि स्रावाचा त्रास कायमचा मागे लागू शकतो. यांतली सर्वांत चांगली कोणती, याला एक उत्तर नाही. ज्या सर्जनकडे जाल त्यांच्या हातात जी बसलेली आहे आणि मुलीच्या शरीराला जी सोयीची आहे, ती चांगली.

निशिगंध :
मी स्वतः अशीच जन्मले आहे. आता ३१ वर्षांची आहे, विवाहित आहे, सोलापूर जिल्ह्यातीलच एका तालुक्याच्या गावी वाढले. डॉक्टरांनी वैद्यकीय बाजू इतकी स्पष्ट लिहिली आहे, की मी केवळ जगण्याची बाजू लिहिते.

मी डायलेटर वापरला. पुण्यातील एका परिचारिकेने मला आरसा धरून शरीर कसे आहे ते दाखवले, आणि तोपर्यंत आपल्याला "काहीच नाही" असे समजणाऱ्या मला प्रथमच कळले, की बाहेरची रचना पूर्ण आहे, संवेदना पूर्ण आहेत आणि सुख वाटण्याची क्षमताही पूर्ण आहे. कमी आहे ती खोली. हे ज्ञान मला कोणत्याही उपचाराआधी मिळायला हवे होते. दररोज वीस-पंचवीस मिनिटे, कधी दोनदा, असे काही महिने गेले. कंटाळा येतो, मध्ये खंड पडतो, पुन्हा सुरू करावे लागते. स्वतःच्या इच्छेने करत असल्यास हे सगळे सहन होते. "लवकर कर, वैशाख जवळ आला" असे दाराबाहेरून कोणी म्हणत असेल तर मात्र ते अशक्य आहे, आणि ज्या मुलीला आपण हे का करत आहोत हेच सांगितलेले नाही, तिच्याकडून ते करवून घेणे याला मी उपचार म्हणणार नाही.

वेणू :
माझी मॅकिन्डो शस्त्रक्रिया झाली आहे. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. लग्नाआधी दोन महिने ती केली गेली आणि मला त्यानंतरचे सांगितलेच गेले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर आत साचा ठेवतात, तो काही महिने जवळपास सतत आणि नंतर रात्री घालावा लागतो. नियमित संबंध नसतील तर हे आणखी लांबते. मी नव्या घरात गेले, तेथे साचा कोठे ठेवायचा, धुवायचा कसा, सासूबाईंच्या दृष्टीस पडला तर काय सांगायचे, या धास्तीने मी तो घालणे सोडले आणि योनिमार्ग आकसत गेला. पुढे पुन्हा डायलेटरवरच यावे लागले, तेही व्रण झालेल्या कातडीवर, जे पहिल्यापेक्षा फार अवघड असते. वहिनींना एवढे सांगा, की शस्त्रक्रिया केल्याने डायलेटर टळत नाही, तो फक्त नंतर येतो.

जुना डॉक्टर :
वेणू यांनी लिहिले ते प्रत्येक सर्जनने संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी सांगायला हवे. शिवाय गुदाशयाला किंवा मूत्राशयाला इजा होऊन तेथून योनिमार्गात आरपार छिद्र (फिश्चुला) राहण्याचा धोका लहान असला तरी खरा आहे, आणि एकदा फसलेली शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करणे पहिल्याइतके सोपे नसते. शरीराच्या दृष्टीने ही शस्त्रक्रिया तातडीची कधीच नसते. मासिक रक्त साठून दुखत असेल, म्हणजे योनिमार्गात आडवा पडदा असेल किंवा गर्भाशयाचा जिवंत अवशेष असेल, तेव्हाची गोष्ट वेगळी. एरवी मुलगी विशीत असो वा तिशीत, तिला स्वतःला हवी असेल तेव्हाच करावी, आणि मुळीच नको असेल तर न करणे हाही तिचा निर्णय आहे.

शब्दवेध :
एक व्यावहारिक विचार मांडतो, राग मानू नये. नात्यातलेच लग्न आहे. आधी सांगितले तर दोन्ही घरे तुटतील. लग्न झाल्यावर मुलगा समजून घेईल. मूल दत्तक घेता येते. आधी गाजावाजा कशाला?

वकीलकाकू :
शब्दवेध, मी येथील जिल्हा न्यायालयात कौटुंबिक प्रकरणे चालवते आणि नेमक्या याच व्यवहारी विचाराची परिणती पाहत आले आहे.

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १२ मध्ये विवाह रद्द करून मागण्याची कारणे आहेत. जोडीदाराच्या अक्षमतेमुळे शरीरसंबंध होऊ शकला नाही, हे त्यांपैकी एक. मूल न होणे म्हणजे अक्षमता नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केलेले आहे, त्यामुळे केवळ गर्भाशय नाही म्हणून त्या कारणावर विवाह रद्द होत नाही. परंतु त्याच कलमात दुसरे कारण आहे, ते म्हणजे जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या बाबीबद्दल फसवणूक करून संमती मिळवणे. हे शब्द १९७६ च्या दुरुस्तीने घातले गेले. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो. मूल होणार नाही हे ठाऊक असून लपवले, असा मुद्दा आला की मुलीचे वैद्यकीय कागद न्यायालयात येतात, तिची पुन्हा तपासणी करण्याची मागणी होते, आणि मामाच्या घरात जे कानावर जाऊ नये म्हणून सारा खटाटोप केला ते तालुक्याला कळते.

गाजावाजा करा असे कोणी म्हणत नाही. बोलणी पुढे जाण्यापूर्वी मुलीने स्वतः, किंवा तिच्या परवानगीने तिच्या बाजूच्या एका व्यक्तीने, मुलाला एकट्याला सांगावे. मुलाच्या आईवडिलांना सांगायचे की नाही ते त्या दोघांनी ठरवावे. मुलगी सज्ञान आहे, तिचा अहवाल तिच्या मालकीचा आहे आणि तिच्या संमतीशिवाय तो वहिनींनी मामाला दाखवणेही तितकेच चुकीचे ठरेल. शस्त्रक्रियेची संमतीही तिचीच लागते, "छोटे ऑपरेशन आहे" असे सांगून घेतलेली सही ही संमती नव्हे.

मूल होण्याबद्दल सांगायचे, तर तिचे बीजांडकोश चालू असल्यामुळे तिच्या बीजापासून सरोगसीने मूल होऊ शकते. सरोगसीचा कायदा २०२१ चा असून तो जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात गर्भाशय नसणे हे मान्य वैद्यकीय कारण आहे. पैसे देऊन सरोगसी करता येत नाही, सरोगेट होणारी स्त्री विवाहित वा विवाहित राहिलेली आणि स्वतःचे मूल असलेली हवी, पत्नीचे वय २३ ते ५० आणि पतीचे २६ ते ५५ असावे लागते. २०२३ मध्ये दात्या स्त्रीचे बीज वापरण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती आली होती, तेव्हा याच अवस्थेतील एका स्त्रीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने तिला दिलासा दिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम सैल झाला. जिचे स्वतःचे बीज आहे तिला त्याची गरज पडत नाही.

कौमुदी :
सोलापूरच्या एका मुलीवर पुण्यात गर्भाशय प्रत्यारोपण झाल्याचे तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत आले होते. मग योनिमार्गाबरोबर गर्भाशयही बसवून घेता येत नाही का?

जुना डॉक्टर :
आपले स्मरण बरोबर आहे. मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने भारतातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले, आणि ती तरुणी सोलापूरची, जन्मतः गर्भाशय नसलेली होती. गर्भाशय तिच्या आईचे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथेच अशा प्रत्यारोपणानंतरचे देशातील पहिले बाळ जन्मले, ते मात्र गुजरातमधील दुसऱ्या स्त्रीचे, आणि तिचे गर्भाशय जन्मतः नव्हते असे नव्हे, ते निकामी झालेले होते.

परंतु प्रत्यारोपण हा योनिमार्गाला पर्याय नाही, उलट योनिमार्ग आधी तयार असावा लागतो. परके गर्भाशय शरीराने नाकारू नये म्हणून ते असेपर्यंत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, प्रसूती सिझेरियननेच होते आणि एक-दोन मुले झाल्यावर गर्भाशय काढून टाकतात. जगातील असे पहिले बाळ सप्टेंबर २०१४ मध्ये स्वीडनमध्ये जन्मले, त्याच्या आईला हीच अवस्था होती आणि मूत्रपिंड एकच होते. गरोदरपणी तिचा रक्तदाब वाढल्याने बाळ ३२ आठवडे पूर्ण होण्याआधीच बाहेर काढावे लागले. बाळ ठीक राहिले, तरी मूत्रपिंडाच्या तपासणीवर मी का भर देतो ते यावरून लक्षात यावे.

आत्याबाई :
सर्वांची मनापासून आभारी आहे. वेणू यांचा प्रतिसाद मी वहिनींना वाचून दाखवला. त्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "तिच्या नवऱ्याने काय केले?" हा होता. सगळे सावकाश होईल.

भाचीला मी आणि वहिनींनी मिळून सांगितले. तिने अहवाल स्वतः वाचला. एमआरआय झाला, गुणसूत्रांचा अहवाल ४६, एक्सएक्स आला आणि डावे मूत्रपिंड नाही असे कळले. वैशाखाचे बोलणे तूर्त थांबवले आहे. मामांना भाचीची परीक्षा आणि पुढचे शिक्षण हे कारण सांगितले, जे खरेही आहे. मुलाशी आपण स्वतः बोलू, पण आत्ता नाही, असे भाचीचे म्हणणे आहे. शस्त्रक्रिया तिला सध्या नको आहे, डायलेटरबद्दल ती विचार करते आहे.

तिचा एक प्रश्न आहे. घर दोन खोल्यांचे, खालच्या खोलीत माग, सगळ्यांचा वावर सतत. दाराला कडी लावून अर्धा तास बसले तरी चौकशी होते. अशा घरात हे करायचे कसे? आणि सुरू करण्यासाठी सोलापुरात कोणाकडे जावे?

वेणू :
माझ्या नवऱ्याने अर्ज केला नाही, पण समजून घ्यायला त्याला दोन वर्षे लागली. वहिनींना हे जसेच्या तसे सांगा.

जुना डॉक्टर :
सिव्हिलमधील स्त्रीरोग विभागापासून सुरुवात करायला हरकत नाही. तेथे किंवा अन्यत्र कोठेही गेल्यावर शस्त्रक्रियेची तारीख न विचारता, डायलेटर कोण शिकवणार, मध्ये अडले तर कोणाला भेटायचे, आणि मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक सोबत आहेत का, हे विचारा. पुढे कधी शस्त्रक्रिया ठरलीच तर ती नियमित करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मोठ्या केंद्रांत जावे, आणि महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत बसते का ते त्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून आधी लेखी घ्यावे. एकच मूत्रपिंड असल्याची नोंद तिच्या प्रत्येक कागदावर ठळक असू द्या. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, आणि वर्षातून एकदा रक्तदाब व लघवी तपासावी.

निशिगंध :
जागेचा प्रश्न मलाही होता. मी पहाटे सगळे उठण्याआधी अंथरुणातच, पांघरुणाखाली करत असे. उताणे झोपून गुडघे दुमडले की पुरते, वेगळी खोली लागत नाही. शक्य असेल तर आठवड्यातील काही दिवस तिला तुमच्याकडे अभ्यासाला राहू द्या. आधी लघवी करून यावे, पाण्यात विरघळणारी जेली लावावी, दाब पाठीच्या दिशेने द्यावा, वर मूत्रमार्गाकडे कधीही देऊ नये. ताण जाणवावा, पण तीव्र वेदना होता कामा नये. सुरुवातीला किंचित रक्त दिसले तर घाबरू नये, जास्त असल्यास थांबून डॉक्टरांना दाखवावे. वापरून झाल्यावर साध्या साबणाने धुऊन, कोरडे करून कंपासपेटीसारख्या डबीत ठेवले की कोणी उघडून पाहत नाही. तिला माझ्याशी बोलावेसे वाटले तर येथील खासगी निरोपातून तिने स्वतः लिहावे, तुमच्यामार्फत नको.